एकहाती नियतकालिक आणि त्याचा वाचक

नियतकालिकाचा वाचक वाढतो म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासाने फारसा विचारलेला नाही. वर्गणीदारांची संख्या, टिकलेली वर्षे आणि निघालेल्या आवृत्त्या ह्यांवरून एखाद्या नियतकालिकाचे यश मापले जाते आणि तेवढ्यावर प्रकरण मिटते. लेखकवर्ग, संपादकमंडळ आणि विक्रीची व्यवस्था पाठीशी असलेल्या मासिकाला हे माप काही अंशी लागू पडेलही. परंतु जेथे लेखक, संपादक आणि पुष्कळदा प्रकाशकही एकच व्यक्ती असते आणि त्या एका व्यक्तीचा आवाज ऐकण्यासाठीच वाचक वर्गणी भरतो, तेथे ते अपुरे पडते. अशा एकहाती नियतकालिकाचा वाचक आधीपासून तयार उभा नसतो. लेखनातील संबोधनातून तो आकाराला येतो. वोल्फगांग इझर ह्यांनी 'गर्भित वाचक' ही संकल्पना मांडली ती कादंबरीच्या संदर्भात. ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा त्याच दारावर येऊन उभ्या राहणाऱ्या लेखनाला तर ती अधिकच लागू पडते, कारण येथे गर्भित वाचक आणि प्रत्यक्ष वर्गणीदार ह्यांची गाठ दर अंकाला पडते, आणि ती पडली नाही तर पुढचा अंक निघत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' हे ह्याचे मराठीतील सर्वांत ठसठशीत उदाहरण. जानेवारी १८७४ मध्ये सुरू झालेल्या ह्या मासिकाचे सात वर्षांचे ८४ अंक जवळजवळ संपूर्णपणे एका लेखणीतून उतरले. ते सुरू झाले तेव्हा मराठी गद्याला आश्रय होता तो मुख्यतः सरकारचा : शिक्षणखात्याची क्रमिक पुस्तके आणि दक्षिणा प्राईज कमिटीची पारितोषिके. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा उठल्या होत्या. विद्यापीठातून बाहेर पडणारा तरुण वाचत होता, पण इंग्रजी. मराठीत वाचण्याजोगे काही असेल अशी त्याची कल्पनाच नव्हती. विष्णुशास्त्र्यांना हवा होता तो हाच वाचक. म्हणजे निरक्षराला साक्षर करण्याचा किंवा शाळकरी वाचकाला प्रौढ करण्याचा उद्योग त्यांनी आरंभला नव्हता. दुसऱ्या भाषेत मुरलेला वाचक आपल्या भाषेत ओढून आणणे, हे त्यांचे काम होते.

हे ध्यानात घेतले की 'निबंधमाले'च्या शैलीतील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. निबंधाच्या माथ्यावर संस्कृत किंवा इंग्रजी अवतरण असते. त्याचे भाषांतर देण्याची गरज लेखकाला सहसा वाटत नाही, कारण वाचकाला ते कळते हे गृहीत आहे. कळते म्हणूनच त्याला गौरवल्यासारखे वाटते. मेकॉलेचे वाक्यवैभव ज्याने इंग्रजीत चाखले आहे, त्याला तशीच पल्लेदार, अंतर्वक्र वाक्ये मराठीत उभी राहिलेली दिसतात आणि मराठीबद्दलचा त्याचा न्यूनगंड सैल होतो. ह्या शैलीवर कृत्रिमतेचा आक्षेप घेतला जातो. तो घेताना ती कोणासाठी घडवली गेली, हे मात्र विसरले जाते. ती ह्या वाचकासाठी होती आणि त्याच्यापुरती पूर्ण यशस्वी होती.

'आम्ही' ह्या सर्वनामाचा प्रवास त्याहून बोलका आहे. पहिल्या अंकातील निबंध 'मराठी भाषेची सांप्रतची स्थिति'. अखेरीस आलेला, आणि पुढे ब्रिटिश सरकारने जप्त केलेला निबंध 'आमच्या देशाची स्थिति'. आरंभीचे 'आम्ही' हे संपादकाचे रूढ अनेकवचन आहे. अखेरच्या 'आमच्या'त संपादक, वर्गणीदार आणि देश एकत्र आले आहेत. सात वर्षे दर महिन्याला हे सर्वनाम वाचणारा वाचक नकळत त्याच्या आत येऊन बसला. 'निबंधमाले'चा वाचक वाढला तो ह्या अर्थाने. १८७९ मध्ये सरकारी नोकरी सोडणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे टिळक-आगरकरांसह उभी केली, तेव्हा त्या संस्थांच्या मागे उभा राहणारा समाज काही प्रमाणात ह्या मासिकाने आधीच जमवलेला होता.

पण 'आम्ही' म्हटले की 'ते' आलेच. नव्या नियतकालिकाने प्रतिष्ठितांवर तुटून पडावे आणि त्या गाजावाजात वाचक मिळवावा, हा उपाय जुना आहे, आणि विष्णुशास्त्र्यांनी तो सढळ हाताने वापरला. लोकहितवादींवरील त्यांची लेखमाला ह्याच जातीची. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालावर त्यांनी लिहिले, त्यात व्याकरणाच्या चुकांची थट्टा मुद्द्यांच्या खंडनापेक्षा जास्त जागा घेते. समीक्षकांनी ह्याला पूर्वग्रह म्हटले आहे, आणि तो आहेच. वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या थट्टेला हसण्यासाठी शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे आधी ठाऊक असावे लागते. जो हसतो तो आत येतो. ज्याच्या बोलण्यालिहिण्याला हसले जात आहे, तो बाहेर राहतो. विनोद येथे प्रवेशपरीक्षेचे काम करतो. ज्या उपहासामुळे वर्गणीदार वाढले असतील, त्याच उपहासाने बहुसंख्य मराठी भाषकांना 'निबंधमाले'च्या वाचकपदातून वगळले. शिक्षणाचा प्रसार झाल्यावर ते आपोआप आत आले असते असेही नाही, कारण आत येण्याची अट साक्षरतेपेक्षा मोठी होती : स्वतःच्या माणसांना हसण्याची.

विष्णुशास्त्र्यांचा आदर्श डॉक्टर जॉन्सन. त्याच्यावर त्यांनी 'माले'त विस्ताराने लिहिले, त्याच्या 'रासेलस'चे मराठीकरण पिता-पुत्रांच्या हातून झाले. जॉन्सनचा 'रॅम्ब्लर' १७५० ते १७५२ ह्या दोन वर्षांत आठवड्यातून दोनदा निघत होता. २०८ अंकांपैकी मोजके अपवाद वगळता सारे त्याने एकट्याने लिहिले. दोन पेन्सांच्या ह्या पत्रकाचा खप अंकामागे पाचशेच्याही खाली होता. म्हणजे आज ज्याला अपयश म्हटले जाईल तेच. पण प्रांतोप्रांतीच्या वृत्तपत्रांनी त्यातील निबंध उचलून छापले, बांधीव खंड निघाले, लेखकाच्या हयातीतच त्यांच्या अनेक आवृत्त्या झाल्या. सुट्या अंकाचा वाचक आणि खंडाचा वाचक हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिला लेखकाबरोबर चालतो, दुसरा त्याच्याकडे मागे वळून पाहतो. 'निबंधमाले'लाही हा दुसरा वाचक भरपूर लाभला, विशेषतः मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून. मात्र परीक्षेसाठी वाचणाऱ्याला लोकप्रियतेच्या हिशेबात धरताना थोडा संकोच व्हायला हवा.

शिवराम महादेव परांजपे ह्यांच्या 'काळ'ची (१८९८) गोष्ट निराळी आणि थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ज्या वर्षी हे साप्ताहिक निघाले त्याच वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक कडक झाले. जे सांगायचे ते लिहिता येत नाही, आणि जे लिहिले आहे त्याचा अर्थ तो नाही, अशा कोंडीतून परांजप्यांची वक्रोक्ती जन्मली. इझर ज्यांना संहितेतील रिकाम्या जागा म्हणतात, त्या येथे कायद्याने पाडलेल्या होत्या. त्या भरणारा वाचक लेखकाच्या गुन्ह्यात सामील होत होता, आणि सामील होण्याच्या ह्या आनंदाने तो दर आठवड्याला परत येत होता. १९०८ साली परांजप्यांना शिक्षा झाली, त्यांच्या निबंधांचे खंडही पुढे जप्त झाले. वक्रोक्तीचा वाचक मात्र प्रसंगाबरोबर संपतो. धोका सरला की ती चतुराई वाटू लागते, आणि आज 'काळ'मधील निबंध वाचणाऱ्याला ह्याचा अनुभव येतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' काढले. त्याचे दोनच अंक निघाले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराचा प्रश्न आणि ताराबाई शिंदे ह्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'ची (१८८२) पाठराखण त्यांत आहे. वाङ्मयेतिहासात 'सत्सार'ला मिळते ते एखादे वाक्य. दोन अंकांच्या नियतकालिकाला वाचक तो कोठला, असा त्यामागचा तर्क असावा. पण 'तृतीय रत्न' आणि 'गुलामगिरी'पासून जोतीरावांनी वापरलेला संवादाचा घाट वाचकाला कोठे उभा करतो हे पाहण्यासारखे आहे. 'निबंधमाले'त लेखक बोलतो आणि वाचक संमती देतो. संवादात वाचकाला प्रश्नकर्त्याची जागा मिळते. धोंडिबा विचारतो म्हणून जोतीराव सांगतात. शिवाय हा घाट मोठ्याने वाचण्याचा आहे. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे, आणि ऐकणाऱ्यांतील एखाद्याने मध्येच विचारावे, ह्याला तो सोयीचा. अशा वाचनाची नोंद वर्गणीदारांच्या वहीत होत नाही.

हा न मोजलेला वाचक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नियतकालिकांत समस्येचे रूप घेऊन समोर येतो. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे प्रसिद्ध आहे. वाचकवाढीच्या अभ्यासात ही घटना केवळ जातीय आकसाचे उदाहरण म्हणून सांगून भागणार नाही. विष्णुशास्त्र्यांनी जमवलेला वाचक चार दशकांनंतर एक संस्था झाला होता, आणि त्या संस्थेच्या दारातून नव्या पत्राची वार्तासुद्धा आत जाऊ शकत नव्हती, असा तिचा अर्थ आहे. एका वाचकवर्गाची बांधणी दुसऱ्याच्या उभारणीत कशी आड येते, ह्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो.

महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. ज्यां-पॉल सार्त्र ह्यांनी 'साहित्य म्हणजे काय?' ह्या ग्रंथात रिचर्ड राइट ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकाराचा दाखला देऊन दुभंगलेल्या वाचकवर्गाची चर्चा केली आहे : एकाच वाक्याने त्याला आपल्या माणसांशी आणि परक्यांशी बोलावे लागते, आणि ते वाक्य दोघांच्या कानी वेगळे पडते. 'बहिष्कृत भारत'चे अग्रलेख असेच दुहेरी आहेत. शास्त्रार्थ, कायदा, इतिहास ह्यांची मांडणी विरोधकाला उद्देशून आहे, आणि आवाहन आपल्या लोकांना. पण सार्त्र ह्यांच्या विवेचनात न येणारी एक गोष्ट येथे आहे. ज्यांच्यासाठी पत्र निघते त्यांच्यातील बहुतेकांना ते वाचता येत नाही, आणि वाचता येते त्यांतील पुष्कळांना वर्गणी परवडत नाही.

ह्या अडचणीला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर संबोधनाच्या पातळीवरचे आहे. 'मूकनायक'च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता, 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतील ओव्या. 'निबंधमाले'तील संस्कृत-इंग्रजी शीर्षवचनांशेजारी ही निवड ठेवून पाहावी. ओवी आणि अभंग हे कीर्तनात आणि पारायणात कानावर पडून गेलेले असतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते ओळखीचे. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला दिलेली ही खूण आहे. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अग्रलेखाचे शीर्षक 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असे आहे. वर्गणी मागण्याची ही रीत मराठी नियतकालिकांत वेगळी उठून दिसते. गिऱ्हाईकाची खुशामत नाही, आश्रयदात्यापुढे हात पसरणे नाही. पत्राचा तोटा हे सर्वांवरचे कर्ज आहे, असे म्हटल्याबरोबर वाचक आणि प्रकाशक ह्यांतील रेषा पुसट होते. १९२९ च्या अखेरीस 'बहिष्कृत भारत' बंद पडले, तेव्हा त्या कर्जाची फेड पैशात झाली नाही एवढेच म्हणता येते. महाड, नाशिक येथे जमलेल्या समूहांना वाचकसंख्येत धरायचे की नाही, ह्याचे उत्तर मात्र वाङ्मयेतिहासाला द्यावे लागेल. खंडाचा वाचकही येथे उशिरा आला. महाराष्ट्र शासनाने ह्या दोन्ही पत्रांचा संकलित ग्रंथ काढला तो १९९० साली. 'रॅम्ब्लर'ला जे काही वर्षांत मिळाले, त्याला येथे साठ वर्षे लागली.

साठोत्तरी अनियतकालिकांनी वाचकवाढीलाच नकार दिला. चक्रमुद्रित पानांचे मोजके अंक मित्रमंडळींत फिरत. प्रस्थापित मासिकांच्या वाचकाशी फटकून वागण्यात त्यांचे तेज होते आणि त्यांची अल्पायुषी प्रकृतीही. त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या तुलनेत गंगाधर पानतावणे ह्यांच्या 'अस्मितादर्श'ची वाचकपद्धती अभ्यासकांच्या नजरेतून सुटली. औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघणारे हे त्रैमासिक पानतावण्यांनी दीर्घकाळ जवळपास एकट्याच्या बळावर चालवले. त्यातील लेखन एका हातचे नव्हते, संपादन मात्र होते. त्याच्या नावाने भरणाऱ्या मेळाव्यांना 'लेखक-वाचक मेळावा' म्हटले जाई, आणि त्यांतील संयोगचिन्ह अर्थपूर्ण आहे. आज अंक वाचणारा उद्या त्यात लिहील ही अपेक्षा त्या नावातच होती, आणि दलित कवींच्या एका पिढीच्या बाबतीत ती खरी ठरली. असा वाचक वाढला की वर्गणीदारांची यादी फुगतेच असे नाही. संपादकाच्या मेजावरचा हस्तलिखितांचा गठ्ठा मात्र वाढतो. त्या गठ्ठ्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात. पानतावण्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि मजकूर छापला.