डिक डेडआय कोण करणार?

ऑपेरेटा बसवायला घेतला की चर्चा नायक-नायिकेची. टेनर कोण, सोप्रानो कोण, दोघं शोभतात का एकमेकांना. 'एचएमएस पिनाफोर'च्या कुठल्याही प्रयोगाच्या श्रेयनामावलीत मी मात्र आधी एकच नाव शोधते: डिक डेडआय कोण करतंय? दिग्दर्शकाला नाटक कळलंय की नाही, ते तिथे समजतं.

आधी थोडक्यात गोष्ट. शब्द डब्ल्यू. एस. गिल्बर्टचे, संगीत आर्थर सलिव्हनचं. २५ मे १८७८ला लंडनच्या ऑपेरा कॉमिक थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि पुढे तब्बल ५७१ प्रयोग झाले. युद्धनौकेचं नाव 'पिनाफोर', म्हणजे लहान मुलींच्या फ्रॉकवर घालायचा एप्रन. नावापासूनच टिंगल सुरू! या जहाजावरचा साधा खलाशी राल्फ कप्तानाच्या मुलीच्या, जोसेफिनच्या प्रेमात आहे. तिला मागणी घालायला येतो थेट नौदलमंत्री, सर जोसेफ पोर्टर. वकिलाच्या कचेरीत झाडपूस करण्यापासून चढत चढत तो मंत्री झालाय. समुद्रावर मात्र कधीच गेलेला नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांना यात डब्ल्यू. एच. स्मिथ दिसला. पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणारा हा व्यापारी १८७७मध्ये खरोखरच नौदलमंत्री झाला होता.

थोडक्यात, कुठल्या जागेवर कोणाला बसवलं जातं आणि का, हाच या नाटकाचा विषय. मग त्याची पात्रनिवड नुसती सोय बघून कशी करायची?

आता डिककडे येऊ. तो कुरूप आहे, वाकडा आहे, नावही भेसूर. हे त्याला स्वतःलाही ठाऊक आहे. तो म्हणतो, कप्तानाच्या मुली खलाशांशी लग्न करत नसतात. सगळे खलाशी शहारून मागे सरकतात. तो म्हणतो, जिथे एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा, तिथे समानता कुठून येणार? पुन्हा सगळे शहारतात. तेच खलाशी सर जोसेफच्या समानतेच्या गोड भाषणांवर मात्र खूश असतात.

आणि शेवटी काय होतं? बटरकप नावाची बाई, जी होडीतून जहाजांवर किरकोळ माल विकते, ती कबुली देते की लहानपणी तिने कप्तान आणि राल्फ या दोन बाळांची अदलाबदल केली होती. क्षणात राल्फ कप्तान होतो, कप्तान खलाशी होतो. जोसेफिन आता खलाशाची मुलगी म्हटल्यावर समानतेचे गोडवे गाणारा सर जोसेफ हळूच मागे सरतो. म्हणजे डिक बरोबर होता. फक्त त्याचा चेहरा चुकीचा होता.

हो, राल्फ-जोसेफिन पळून जायच्या बेतात असताना चुगली करणाराही डिकच. तो संत नाही. पण बहुतेक प्रयोगांत त्याला डोळ्यावर पट्टी, पाठीला कुबड आणि गुरगुरणारा आवाज देऊन मोकळे होतात. मग तो तोंड उघडण्याआधीच आपण हसतो आणि नकळत त्या खलाशांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. गिल्बर्टने ज्या सवयीची थट्टा केली, तीच आपण तिकीट काढून करतो.

पहिल्या प्रयोगात ही भूमिका रिचर्ड टेंपलकडे होती. हा ऑपेरात मुरलेला गायक. पुढे १८८५मध्ये 'द मिकाडो'मधला सम्राट यानेच केला. असा भारदस्त आवाज त्या वाकड्या खलाशाला दिला की त्याचं म्हणणं कान देऊन ऐकावंच लागतं. सर जोसेफ झालेला जॉर्ज ग्रोस्मिथ मात्र पियानोवर बसून विनोदी कार्यक्रम करणारा, बेताच्या आवाजाचा. सत्तेला हलका आवाज, सत्याला जड आवाज! हीबी झालेली जेसी बाँड मैफिलीत गाणारी होती, तिला अभिनयाची सवय नव्हती. मग गिल्बर्टने तिचे संवादच छाटले. माणूस बघून भूमिका बेतायची आणि कितीही वेडगळ वाक्य असलं तरी ते गंभीर चेहऱ्यानेच म्हणायचं, ही त्याची रीत.

वयाचं कोडंही याच रीतीने सुटतं. बाळं बदलली म्हणजे राल्फ आणि कप्तान एकाच वयाचे, आणि राल्फ लग्न करतो कप्तानाच्या मुलीशी. कप्तान लग्न करतो बटरकपशी, जिने त्याला तान्हेपणी सांभाळलं. काही दिग्दर्शक मेकअपने हा हिशोब जुळवायला जातात. कशाला? राल्फ तरुण, कप्तान पोक्त, बटरकप टवटवीत ठेवा आणि रंगमंचावर कोणालाच काही खटकू देऊ नका. जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवणं किती वेडगळ आहे, ते त्या न जुळणाऱ्या हिशोबातच दिसतं.

आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये राक्षस कोणाला करायचे, आठवतं? वर्गातल्या सावळ्या, आडव्या मुलाला. राजकुमार कोण होणार हे तर न विचारताच ठरलेलं असायचं. 'पिनाफोर' बघताना मला दरवेळी तो मुलगा आठवतो. म्हणून मला एकदा असा प्रयोग बघायचाय, जिथे डिकला ना पट्टी आहे ना कुबड. चारचौघांसारखा दिसणारा एक माणूस पुढे येतो, एक साधं खरं वाक्य बोलतो आणि अख्खं जहाज शहारून मागे सरतं.