‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘पाहिजे’ : एका समीकरणाची परीक्षा

मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजीतील कर्तव्यवाचक व उपदेशवाचक साहाय्यक क्रियापदे शिकविण्याची एक रूढ रीत आहे. फळ्यावर दोन स्तंभ आखावयाचे. एकात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट टू’ हे शब्द लिहावयाचे आणि दुसऱ्यात त्या सर्वांसमोर ‘पाहिजे’ हा एकच शब्द मांडावयाचा. फार तर ‘मस्ट’पुढे ‘च’ हे अव्यय जोडले जाते. तर्खडकर भाषांतर पाठमालेच्या काळापासून भाषांतराच्या द्वारे इंग्रजी शिकविण्याची जी परंपरा महाराष्ट्रात रुजली, तिचेच हे संक्षिप्त रूप होय. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाऊ लागले. त्यामुळे या रीतीची परीक्षा करणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

या रीतीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नव्हे. वर्गात मुले पुष्कळ, तासिका अपुरी आणि वर्गाबाहेर इंग्रजी कानी पडण्याचा संभव थोडा, अशा स्थितीत परिचित शब्दाचा आधार देणे हे शहाणपणाचेच आहे. प्रत्यक्ष पद्धतीचे अभिमानी या कोष्टकाचा दोष मातृभाषेच्या माथी मारतात व तिला वर्गाबाहेर घालविण्याचा सल्ला देतात. परंतु हे निदान बरोबर नाही. कोष्टकाचा दोष त्यात मराठी आली हा नसून फारच थोडी मराठी आली, हा आहे.

वस्तुतः ‘पाहिजे’ हा शब्द अनेक अर्थांचा भार वाहतो. ‘मला पाणी पाहिजे’ यात इच्छा आहे. ‘मुलांनी वेळेवर आले पाहिजे’ यात कर्तव्य आहे. ‘दिवा लागलेला आहे, तेव्हा तो घरी असला पाहिजे’ यात केवळ अनुमान आहे. यांपैकी कर्तव्य आणि अनुमान हे अर्थ ‘मस्ट’लाही आहेत, पण इच्छा नाही. शिवाय कर्तव्याची छटा दाखविण्यास मराठीजवळ आणखी साधने आहेत. बाहेरून लादलेली सक्ती ‘लागणे’ या क्रियापदाने व्यक्त होते : ‘आम्हांला गणवेश घालावा लागतो.’ सौम्य उपदेश विध्यर्थाने होतो : ‘आजारी माणसाने विश्रांती घ्यावी.’ विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा इत्यादी अर्थ शालेय व्याकरणात सांगितलेले असतात. मात्र मराठीच्या तासाला शिकलेले हे ज्ञान इंग्रजीच्या तासाला उपयोगात आणले जात नाही.

या समीकरणाचे खरे नुकसान नकारात दिसून येते. ‘चहा पाहिजे’ याचा नकार ‘चहा नको’ असा होतो. म्हणून ‘पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘नको’ म्हणजे ‘मस्ट नॉट’ असे सहजच समजतो. ‘उद्या सुटी आहे, शाळेत यायला नको’ हे त्याने इंग्रजीत सांगितले की त्याचा अर्थ ‘उद्या शाळेत येता कामा नये’ असा होऊन बसतो. गरज नसणे आणि मनाई असणे यांतील अंतर त्याच्या ध्यानात येत नाही. परंतु हे अंतर मराठीस अपरिचित नाही. ‘यावे लागत नाही’ आणि ‘येता कामा नये’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली असता ‘डोन्ट हॅव टू’ आणि ‘मस्ट नॉट’ यांचा भेद लहान मुलासही कळण्याजोगा आहे.

भूतकाळाची गोष्टही अशीच आहे. कर्तव्याच्या अर्थी ‘मस्ट’ला स्वतंत्र भूतकाळी रूप नाही, तेथे ‘हॅड टू’ योजावे लागते. ‘मला जावे लागले’ म्हणणारा मनुष्य गेलेला असतो. ‘मी जायला हवे होते’ म्हणणारा बहुधा गेलेला नसतो आणि त्याला त्याची खंत असते. ‘हॅड टू’ आणि ‘शुड हॅव’ यांतील भेद हाच होय. इतकी स्पष्ट जोडी घरात असताना ती सोडून ‘पाहिजे होते’ या एकाच पुडीत दोन्ही अर्थ बांधणे हे शिक्षणाच्या दृष्टीने अपव्ययाचे आहे.

परीक्षेतील रिकाम्या जागा या गोंधळात भर घालतात. ‘तू आईवडिलांची आज्ञा … पाळ’ अशा धर्तीच्या इंग्रजी वाक्यात ‘मस्ट’ आणि ‘शुड’ ही दोन्ही व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतात. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता हे सांगितल्याखेरीज निवडीस आधार उरत नाही. तरीही एकच उत्तर ग्राह्य धरले जाते व दुसरे लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापला जातो. ‘मस्ट’ म्हणजे कठोर आज्ञा ही समजूतही सर्वत्र खरी नाही. पाहुण्याला ‘लाडू घेतलाच पाहिजे’ म्हणणारी गृहिणी आज्ञा करीत नसून आग्रह करीत असते. इंग्रजीतही ‘मस्ट’ याच रीतीने आदरातिथ्याचा शब्द होतो. उलट, वडील माणसास सल्ला देताना हाच शब्द उद्धट ठरू शकतो.

शिवाय इंग्रजी भाषा स्वतः स्थिर राहिलेली नाही. १९६१ आणि १९९१ च्या सुमाराच्या लेखनाचे संग्रह ताडून पाहिले असता ‘मस्ट’ व ‘ऑट टू’ यांचा वापर घटल्याचे आणि ‘नीड टू’चा वाढल्याचे आढळले आहे. अशा स्थितीत ‘ऑट टू’ला ‘शुड’इतकेच स्थान देणारा पाठ मुलांना विरळ झालेले रूप आधी आणि नित्याचे रूप मागाहून देतो.

यावरून पाठाचा क्रम कसा असावा हे उघड आहे. प्रथम ‘लागते’च्या जोडीने ‘हॅव टू’ व त्याचा नकार द्यावा. मग विध्यर्थाच्या आधाराने ‘शुड’. त्यानंतर प्रसंगासहित ‘मस्ट’ व ‘मस्ट नॉट’. आणि ‘ऑट टू’ केवळ वाचून ओळखण्यापुरते ठेवावे. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक वाक्यास वक्ता व प्रसंग जोडावा. यासाठी नवी साधने नकोत. जे मूल घरी ‘यायला नको’ आणि ‘येऊ नको’ यांत कधीही चूक करीत नाही, त्याला त्याच्याच भाषेतील हा विवेक दाखवून देणे, एवढेच शिक्षकाचे कार्य आहे.