देव ओतवून घेणारा हवा

राजुरा-जिवतीच्या डोंगरपट्ट्यात राजगोंडांचा कुळदेव पेरसापेन बारा महिने देवळात बसून नसतो. भाल्याचे पाते, चवरी आणि पितळी घंटा या त्याच्या खुणा झाडावर आडोशाला जपलेल्या असतात. पूजेच्या दिवशी कुळाचा गायक परधान किंगरी या तंतुवाद्यावर कुळाची गाथा लावतो, तेव्हा देव खाली उतरतो. या देवांचे पितळकाम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेले मराठी बोलणारे ओतारी मात्र आज तेलंगणात मोडतात, आसिफाबाद जिल्ह्यातल्या उशेगाव-केसलागुड्यात. हा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राजुराही 1956 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. चंद्रपूरला ते 1959 साली जोडले गेले. सीमा सरकली, सोयरीक आणि जत्रा होत्या तिथेच राहिल्या.

ओताऱ्याचे काम सावकाशीचे. आधी मातीचा गाभा. मग मेणात राळ मिसळून, दाबून शेवयांसारखी तार काढायची आणि ती गाभ्यावर फेर धरत लपेटायची; देवाचे डोळे, दागिने, मोराचा पिसारा, सगळे या तारेतूनच उभे राहते. वर वारुळाच्या मऊ मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा थर. भट्टीत मेण निघून जाते, त्याच्या जागी पितळ उतरते आणि शेवटी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एकीसारखी दुसरी मूर्ती कधी होत नाही.

2018 मध्ये या पितळकामाला ‘आदिलाबाद डोकरा’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. नावाची चोरी रोखायला ते उपयोगी आहे, आणि ते मिळायलाच हवे होते. पण मानांकनामागून येणारा ग्राहक दिवाणखान्यातला असतो. त्याला हत्ती-घोडे हवेत. घंटेचा नाद कुळाला मान्य होतो की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कारागिराला मी बोल लावणार नाही, त्याला घर चालवायचे आहे. माझी तक्रार प्रोत्साहन देणाऱ्यांशी आहे. त्यांनी वस्तू वाचवली, तिचे काम सोडून दिले.

चित्रांतही तेच झाले. आपण सरसकट जिला ‘गोंड चित्र’ म्हणतो, ती शैली मंडला-दिंडोरीकडच्या परधानांची. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनात, चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पाठबळाने, गाण्यातले देव कागदावर आणले. ती थोर निर्मिती होती. तीच उचलून चंद्रपूर-गडचिरोलीच्या भिंतींवर ‘आपली परंपरा’ म्हणून रंगवणे हा इथल्या परधानावर अन्याय आहे.

परंपरा टिकते ती तिला वापरणाऱ्या माणसांमुळे, हे दूरच्या युक्रेनमध्येही दिसते. तिथे जुन्या धर्मचित्रांच्या वळणावर नवी चित्रकला उभारणाऱ्या मिखाइलो बोइचुक यांना 1937 साली गोळ्या घातल्या गेल्या, त्यांची भित्तिचित्रे नष्ट केली गेली. तरी ती परंपरा सरली नाही, कारण घराच्या कोपऱ्यात भरतकामाचे वस्त्र लावून पवित्र चित्र ठेवणारी माणसे उरली. अलीकडच्या युद्धात क्लिमेन्को आणि अटलांटोवा हे चित्रकार दांपत्य दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्यांवर संतांची चित्रे काढते आहे.

आपल्याकडे मागणारा अजून आहे. जिवतीच्या एखाद्या कुळाने देवाची नवी घंटा ओतवायचे ठरवले, तर पितळ-मेणाचा खर्च आणि परधानाची बिदागी महाराष्ट्राने द्यावी, आणि कारागीर पलीकडच्या राज्यातला आहे म्हणून त्या खर्चाचा कागद अडवू नये.