संभाव्यता वाढली म्हणजे कारण सापडलं का?

मागच्या वेळी आपण ह्यूमपाशी थांबलो होतो. ‘अ’सारखी घटना घडली की नेहमी ‘ब’सारखी घटना घडते, म्हणून अ हे ब चं कारण. यातला ‘नेहमी’ हा शब्द अडचणीचा आहे. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला फुप्फुसाचा कर्करोग होत नाही, आणि न ओढणाऱ्यालाही कधी कधी होतो. मग सिगारेट कारण नाही असं म्हणायचं का?

पॅट्रिक सुपिस यांनी १९७० सालच्या पुस्तकात यावर तोडगा दिला. अ आधी घडलेलं असेल आणि त्यामुळे ब ची संभाव्यता एरवीपेक्षा वाढत असेल, तर अ हे प्रथमदर्शनी कारण. पण वायुदाबमापकाचा काटा उतरला की वादळाची शक्यता वाढते, म्हणून काटा काही वादळ आणत नाही. हवेचा दाब उतरलाय हे एकदा कळलं की काट्याकडे बघून नवीन काहीच कळत नाही. अशा कारणाला सुपिस आभासी म्हणतात. रायशेनबाख यांच्या १९५६च्या ग्रंथातही सामाईक कारणाचा हा विचार आहे. आपल्याकडे न्यायशास्त्रात कुंभाराचं गाढव प्रसिद्धच आहे. माती वाहणारं गाढव मडक्याआधी हजर असतं, पण मडक्याच्या दृष्टीने ते ‘अन्यथासिद्ध’!

इथवर सगळं नीट वाटतं. आमचा आक्षेप इथून पुढे आहे.

डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना करून धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध दाखवला. त्यावर रोनाल्ड फिशर, म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचा एक शिल्पकारच, म्हणाले की एखादी आनुवंशिक घडण सिगारेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. म्हणजे सिगारेट हा नुसता काटा! आता सुपिसची व्याख्या काय सांगते? असा घटक असेल तर सिगारेट आभासी, नसेल तर खरी. पण तो आहे की नाही, हे व्याख्या सांगत नाही.

कुणी म्हणेल, व्याख्येचं काम वेगळं, पुराव्याचं वेगळं. मान्य. समजा, सगळ्या संभाव्यता आपल्या हातात आहेत. तरी हेस्लो यांचं १९७६चं उदाहरण उरतं. गर्भनिरोधक गोळीमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, पण गर्भधारणेमुळेही तो वाढतो आणि गोळी गर्भधारणा टाळते. एकूण हिशोबात गोळीने धोका कमी झालेलाही दिसू शकेल. मग गर्भ न राहिलेल्या स्त्रियांचा हिशोब वेगळा करा, म्हणता? करू. पण नेमका हाच गट वेगळा का काढायचा? कारण गर्भधारणा हेही गुठळीचं कारण आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणजे कारण शोधायला निघालो आणि कारणाचंच भांडवल उसनं घेतलं. नॅन्सी कार्टराइट यांनी १९७९ मध्ये व्यापकपणे हेच दाखवलं. इतर कारणं स्थिर धरल्याशिवाय संभाव्यतेची तुलना बोलत नाही.

तेव्हा आमचं मत असं, की संभाव्यता ही कारणाची साक्षीदार आहे, व्याख्या नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. १९५९ मध्ये कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी ती केली. धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या घटकामुळे असेल, तर तो घटक त्यांच्यात निदान नऊपट जास्त आढळायला हवा. एवढा मोठा घटक कुठे आहे, ते दाखवा! ‘काहीतरी दुसरं असेल’ म्हणणं फुकट होतं. त्यांनी त्याला किंमत लावली.

तत्त्वज्ञांचा हा काथ्याकूट नाही. शंका फुकट मिळते तोवर सिगारेट विकली जाते आणि माणसं मरतात. म्हणून उद्या पेपरात ‘अमुक खाल्ल्याने धोका वाढतो’ असं वाचलंत, तर दोन्ही बाजूंना विचारा : काय स्थिर धरलंत, आणि का?