ओझ्याचीच पकड

खांबावर चढणारा रोबो बघताना लोकांच्या माना वर असतात. किती उंच गेला, किती सेकंदांत गेला, याचीच चर्चा. मला विचाराल तर खरी गंमत त्याच्या पोटाशी असते. रबर लोखंडाला टेकतं त्या दोन बोटांच्या जागेत.

२०१६ साली बँकॉकला झालेल्या एबीयू रोबोकॉनचा विषय होता स्वच्छ ऊर्जा. कॉलेजची पोरं, त्यांनी स्वतः बनवलेली यंत्रं आणि तीन मिनिटांचा सामना, असा हा २००२पासूनचा मामला. त्या वर्षी ‘इको’ नावाच्या रोबोला स्वतःला पुढे ढकलणारी मोटर लावायला बंदी होती. ‘हायब्रिड’ नावाच्या दुसऱ्याने त्याला हात न लावता, वाऱ्याने म्हणा, चुंबकाने म्हणा, पुढे न्यायचं. शेवटी इकोकडचं पवनचक्कीचं पातं हायब्रिडने घ्यायचं, खांबावर चढायचं आणि वरच्या इंजिनाला ते बसवायचं. पातं बसलं की ‘चाय-यो’, सामना तिथेच खलास. नुसतं चढण्याला काही अर्थ नाही. वर जाऊन हात मोकळा हवा आणि तो थरथरता कामा नये. प्रश्न घालणाऱ्याची रसिकता म्हणतात ती ही.

त्याच्या दोन वर्षं आधी हीच स्पर्धा आपल्याकडे, पुण्यात बालेवाडीला झाली होती. तिथे पालक रोबो आणि मूल रोबो. सीसॉ, खांबांवरून चालणं, झोका, आणि मग मुलाने जंगल जिमवर चढून झेंडा दाखवायचा. व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने ती जिंकली. जंगल जिमला दांडे असतात, दांड्याला आकडा अडकतो, आणि आकडा अडकला की निम्मी काळजी मिटते. गुळगुळीत खांब असली कसलीच सोय देत नाही.

त्या बँकॉकच्या तयारीच्या दिवसांत आमच्या छावणी भागात, नगर नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये काही पोरं यायची. वाळूजकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्यांचा आवाज, वेल्डिंगचा चरचराट आणि मधोमध जमिनीत गाडलेला एक जीआय पाइप. त्यांचं पहिलं यंत्र मला मुळीच आवडलं नव्हतं. दोन पंजे. वरचा पंजा आवळायचा, खालचा सोडायचा, अंग वर ओढायचं, मग खालचा आवळून वरचा सोडायचा. पंजे हवेच्या दाबावर चालणारे, आणि हवा साठवायला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या. रोबोकॉनच्या पोरांची ही जुनी युक्ती, आणि ती मला मनापासून आवडते. पण ते चढणं म्हणजे एकेक अक्षर लावत वाचणं. बिनचूक, तरी कंटाळवाणं. शिवाय पकड सगळी हवेवर. बाटलीतला दाब उतरला की यंत्रही उतरलं.

दुसरं यंत्र बघायला मात्र मी मुद्दाम थांबायचो. त्यात पंजाच नव्हता. दोन रोलर, मध्ये बारीक आणि कडांना जाड, वर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं. वरचा रोलर पाइपच्या पलीकडच्या बाजूला, खालचा अलीकडच्या. मोटर, बॅटरी आणि बाकीचा सगळा पसारा अलीकडे, पाइपपासून चांगला लांब लोंबणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे आत्ता गळून पडणार. एवढं वजन बाहेर काढायचं कशाला? आणि तिथेच तर सगळी कला आहे. बाहेरचं वजन यंत्राला खाली झुकवू बघतं. त्या झुकण्याने वरचा रोलर पाइपला आपल्याकडे ओढून धरतो आणि खालचा त्याला पलीकडे रेटतो. जितकं ओझं, तितका दाब. पकड विकत आणावी लागत नाही, ती ओझ्यातूनच येते.

मल्लखांब खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. अंग खांबापासून बाहेर झोकलं की मांडी एका बाजूने आणि पाऊल दुसऱ्या बाजूने खांबाला रेटतं. खांबाला चिकटून बसणाराच आधी घसरतो. मल्लखांबाचे गुरू बाळंभटदादा देवधरांच्या शिष्यांना हे गणित न मांडता कळलेलं होतं. पोरांना मात्र ते मांडावं लागलं, आणि शेडच्या भिंतीवर खडूने मांडलेलं मी वाचलंय.

रोलरांमधलं उभं अंतर वीस सेंटिमीटर. रबर आणि लोखंड यांच्यातला घर्षणाचा गुणांक, पाइप कोरडा असेल तर, सुमारे ०.७. दोन्ही रोलर घर्षणात भाग घेत असतील तर वजनाचा मध्य पाइपच्या मध्यापासून किमान साडेचौदा सेंटिमीटर बाहेर हवा. पाइपवर धूळ बसली आणि गुणांक ०.५ झाला, तर वीस. या हिशोबात यंत्राचं वजन कुठेच नाही. मांडणीच्या दुसऱ्या ओळीत ते दोन्हीकडून छेदलं जातं. पाच किलोचं यंत्र असो की पन्नास, अंतरांचं प्रमाण जमलं तर दोन्ही टिकतात, चुकलं तर दोन्ही घसरतात. ज्या पोराने वजन कमी करायला म्हणून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनला भोकं पाडून पाडून त्याची जाळी केली होती, त्याचा चेहरा हे वाचताना बघण्यासारखा झाला असणार. (जाळी वाया गेली नाही. वजन हलकं तर मोटरला कष्ट कमी. पण पकडीशी तिचा काही संबंध नव्हता.)

सुरुवातीला मोटर एकाच रोलरला होती, दुसरा नुसता बेअरिंगवर मोकळा फिरायचा. मोकळ्या रोलरकडून घर्षणाची मदत शून्य, म्हणजे साडेचौदाच्या जागी जवळपास तीस सेंटिमीटर हवेत. यंत्र जागच्या जागी ‘स्लिप मारायचं’, रबराचा जळका वास यायचा. मग एक चेन आली, रोलर एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून मध्ये गिअरची जोडी आली, दोन्ही रोलर चालते झाले, आणि यंत्राने पाइप धरला तो धरलाच.

मोटर होती वायपरची, भंगारातून आणलेली. गाडीची काच पुसणाऱ्या या मोटरला मी लहान समजत नाही. तिच्या आत वर्म गिअर असतो: मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरला सहसा फिरवू शकत नाही. वीज गेली तरी यंत्र जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट’ नावाच्या रोबो स्पर्धेत २०२२ साली चार आडव्या दांड्यांना लटकायचं होतं, सर्वांत उंच दांड्याला १५ गुण, आणि गुण मोजायचे ते वेळ संपून मोटरांची वीज तुटल्यावर. तिथे कितीतरी संघ रॅचेट बसवत होते, ते याच एका गोष्टीसाठी. वर्म गिअरमध्ये ती सोय फुकट मिळते, पण पूर्ण फुकट काहीच नसतं. वर्म निम्मी शक्ती घासण्यातच घालवतो आणि चढतो संथ. पंधरा किलोला तीन सेकंदांत दोन मीटर न्यायचं तर नुसत्या चढाईलाच शंभरेक वॉट लागतात. एकट्या वायपर मोटरच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. पोरांनी दुसरी मोटर जोडली. वेग पुरेसा झाला, देखणेपणा थोडा गेला. बॅटरी मोठी झाली ती त्यांनी सगळ्यांत बाहेरच्या टोकाला टांगली, आणि हा निर्णय मला फार उच्च वाटला. ज्याचं वजन टाळता येत नाही त्याला कामाला लावलं.

एक बारकावा त्यांच्याही ध्यानात उशिरा आला. वर पोचल्यावर पातं बसवायला हात लांब करायचा. हात अलीकडच्या बाजूने बाहेर गेला तर वजनाचा मध्य आणखी बाहेर सरकतो, पकड वाढते. पण तोच हात खांबाच्या डोक्यावरून पलीकडे गेला तर मध्य आत येतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी रोलर सैल पडतात. म्हणून त्यांनी खांबाकडे यायची बाजूच बदलली. यंत्रात एक स्क्रूही न हलवता.

खाली उतरवायची पद्धत नव्याने आलेल्याला ते कधीच सांगायचे नाहीत, आधी खेचू द्यायचे. तो बाहेरचं टोक धरून लोंबकळायचा, आणि यंत्र पाइपला अजून घट्ट बसायचं. मग त्यांच्यातला कोणीतरी स्टुलावर चढून त्याच टोकाला खालून तळहात लावायचा, जरासा वर उचलायचा, आणि यंत्र रबराचा आवाज करत सरळ खाली यायचं.