‘मारिया’ : एका पिस्तुलाचे विशेषनाम

‘फॉलआउट : न्यू वेगस’ या २०१० साली आलेल्या संगणक-खेळात नायकाचा वध कथानकाच्या आरंभीच होतो. २०७७ सालच्या अणुयुद्धाने जग उद्ध्वस्त झाल्याला दोनशे चार वर्षे लोटली आहेत. नेवाडाच्या वाळवंटातून प्लॅटिनमची एक चकती पोचवायला निघालेला कुरियर रात्रीच्या वेळी एका दफनभूमीत हात बांधलेल्या अवस्थेत आहे. चौकड्यांचा कोट घातलेला बेनी त्याच्याशी चार शब्द बोलतो, पिस्तूल रोखतो आणि डोक्यात गोळी घालतो. पुढे एक यंत्रमानव कुरियरला उकरून काढतो, गुडस्प्रिंग्जचा डॉक्टर त्याला जगवतो, आणि त्यानंतर कुठे खेळणाऱ्याला नायकाचे नाव, चेहरा, लिंग, गुण ठरवण्याची मुभा मिळते. म्हणजे या संहितेत शस्त्राचा प्रवेश नायकाच्या घडणीआधी झालेला असतो. ते शस्त्र पुढे बेनीकडून हस्तगत करता येते आणि आपल्याजवळच्या वस्तूंच्या यादीत त्याचे नाव उमटते : ‘मारिया’.

अशा वस्तूला या खेळांच्या परिभाषेत ‘युनिक’ म्हणतात. तिची दुसरी प्रत त्या विश्वात नसते. समीक्षेने या प्रकाराकडे वळावे की नाही, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. ज्या रचनेला पात्रे, संवाद, कथनाचा काल आणि अर्थवाही वस्तू आहेत ती वाचण्याजोगी आहे, एवढे गृहीत धरले आहे. प्रश्न वेगळा आहे. सामान्यनामाचे विशेषनाम होते तेव्हा वस्तूच्या ठिकाणी नेमके काय घडते?

मराठी वाचकाला या प्रश्नाची चाहूल इंग्रजी वाचकाच्या आधी लागते, कारण आपले व्याकरण त्याला स्वस्थ बसू देत नाही. पिस्तूल नपुंसकलिंगी; ‘ते पिस्तूल झाडले’ असे आपण म्हणतो. नाव कळताच ‘ती मारिया’ म्हणावे लागते आणि क्रियापदालाही आपले रूप बदलावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘बेनीने पिस्तुलाने कुरियरला मारले’ या वाक्यात ‘ने’ हा प्रत्यय दोनदा येतो : एकदा कर्त्याला, एकदा करणाला. पाणिनीनेही या दोन्ही कारकांसाठी तृतीयाच सांगितली आहे. स्वतंत्र असतो तो कर्ता, क्रिया सिद्धीस नेण्यास सर्वांत उपकारक ते करण, हा भेद अर्थाचा आहे. प्रत्ययाच्या पातळीवर मारणारा माणूस आणि मारणारी वस्तू शेजारी शेजारी बसलेली असतात. ‘तलवार चांगली कापते’ असे म्हणून करणालाच कर्तेपण बहाल करण्याची सोयही परंपरेने ठेवली आहे. शस्त्राला विशेषनाम देणे हे या सोयीचे टोक होय. ‘मारियाने मारले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ही बाई कोण, असाच प्रश्न पडेल.

आपल्याकडे शस्त्राला नाव देण्याची थोर परंपरा आहे आणि तिचे सर्वांत परिचित उदाहरण भवानी तलवारीचे. देवीने शिवाजी महाराजांना तलवार दिली या आख्यायिकेचा ऐतिहासिक खरेपणा हा इतिहाससंशोधकांचा विषय. समीक्षेला रस आहे तो तिच्या व्याकरणात. भवानीचे नाव लाभलेली तलवार कर्तृत्व स्वतःकडे ठेवत नाही, ते वर देवीकडे पोचवते. राजा निमित्त, तलवार माध्यम, कर्ती भवानी. ‘मारिया’चेही नाव मातृदेवतेचेच आहे. चकचकीत, नक्षीदार पिस्तुलाच्या मुठीवर ग्वादालूपेच्या मारियामातेची प्रतिमा आहे. १५३१ साली आजच्या मेक्सिको शहरानजीकच्या टेकडीवर एका मूलनिवासी भाविकाला तिने दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. जित लोकांनी जेत्यांच्या धर्मातून आपलीशी केलेली ही माता आहे. बेनीच्या हाती मात्र तिचे कर्तृत्व वर कोठेही पोचत नाही. बेनी हा मूळचा भटक्या टोळीतला. वेगसच्या सत्ताधीशाने त्या टोळीला जुन्या जगातल्या जुगारगृहाचे मालक असल्याचे सोंग शिकवले. कोट उसना, बोली उसनी, तशी ही माताही उसनी. श्रद्धा ओसरून गेल्यावर तिची जी नक्षी उरते ती या मुठीवर आहे. अणुयुद्धोत्तर जगाचे इतके नेमके चित्र त्या खेळातल्या पडक्या इमारतींनीही उभे केलेले नाही, असे माझे मत आहे.

कर्जत-खालापूर परिसरातून हा खेळ वाचताना आणखी एक संदर्भ आपोआप जागा होतो. ‘न्यू वेगस’चा सगळा संघर्ष कोलोराडो नदीवरील हूवर धरणासाठी, म्हणजे पाण्यासाठी आणि विजेसाठी आहे. आमच्या घाटपायथ्याशी खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे आणि भिवपुरीचे १९२२ सालचे. माथ्यावरचे पाणी येथे उतरते आणि वीज मुंबईकडे जाते. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, ते याच कारणाने. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. या भागात ही हकिकत सांगितली जाते तेव्हा पोलीस अधिकारी हॉल याचे नाव हटकून घेतले जाते. त्याच्या हातातल्या शस्त्राचे वर्णन कोणी करीत नाही. ‘हॉलने गोळी घातली’ : तृतीया तेथेच थांबते. दस्त्याच्या बाजूनेही स्मरणात राहिले ते मनोऱ्याचे पोलाद कापणे. शस्त्राला नाव न देणारी ही स्मृती कर्त्याला सुटू देत नाही, आणि ‘मारिया’च्या मोहात पडलेल्या वाचकाने हे शेजारी ठेवून पाहावे.

त्या मोहाला खेळाने रचनेतूनच खतपाणी घातले आहे. बेनीचा माग कुरियर काढतो तो चौकड्यांच्या कोटावरून. पिस्तूल हा पुरावा म्हणून कोठे उपयोगी पडत नाही. याउलट नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल कारखान्यातून निघालेल्या अनेकांपैकी एक, विशेषनाम नसलेले, पण तपास त्या वस्तूवरून मागे मागे जात लंडनमध्ये ती पिस्तुले पाठवणाऱ्या सावरकरांपर्यंत पोचला. तेथे करण हा कर्त्यांच्या साखळीचा दुवा ठरला. ‘मारिया’ दुवा होत नाही, बक्षीस होते. टॉप्स जुगारगृहात बेनीला मारले की ती त्याच्या देहावरून उचलायची. जिने आपल्याला मारले ती आता आपली. सामान्य नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाहून ती सरस आहे, पण तिच्यात गोळ्या मात्र तशाच घालाव्या लागतात.

आणि येथे खेळाची यंत्रणा, बहुधा नकळत, त्याच्या लेखकांहून शहाणी ठरते. या खेळात शस्त्रे वापराने झिजतात, आणि ‘मारिया’ दुरुस्त करायची तर साधी, निनावी नऊ मिलिमीटरची पिस्तुले मोडून तिच्यात खर्ची घालावी लागतात. अनन्यतेला टिकण्यासाठी सामान्यांचा असा बळी लागतो. शिवाय साध्या पिस्तुलाला दुर्बीण किंवा वाढीव मॅगझिन लावून आपल्या गरजेनुसार घडवता येते. विशेषनाम लाभलेल्या शस्त्रांत असा फेरफार करता येत नाही. नाव मिळाले की घडण थांबते. विशेषनामाविषयी एवढे बोलके भाष्य खेळातल्या एकाही संवादात नाही.

२०११ सालच्या ‘ऑनेस्ट हार्ट्स’ या पुरवणीत जोशुआ ग्रॅहॅमच्या पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलावर योहानाच्या शुभवर्तमानातील प्रकाश आणि अंधाराविषयीचे वचन ग्रीक भाषेत कोरलेले आहे, आणि पिस्तुलाचे नावही त्याच वचनावरून आले आहे. जाणकार खेळाडू या पिस्तुलाला अधिक मान देतात. त्यामागची योजना विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही : या पिस्तुलाची मूळ घडण युटातील ऑग्डनच्या जॉन ब्राउनिंगची, आणि ग्रॅहॅमचे गावही त्याच ऑग्डनच्या अवशेषांवर वसलेले. परंतु हे शस्त्र स्वतःचा अर्थ स्वतःच सांगून मोकळे होते. वाचकाने भरावी अशी जागा त्यात उरत नाही. ‘मारिया’ काहीच सांगत नाही, म्हणून ती अधिक अस्वस्थ करते.

या अस्वस्थतेचे खरे स्थान टॉप्समध्ये नाही. बेनीला जुगारगृहात न मारता निसटू दिले, तर पुढे तो सीझरच्या छावणीत सापडतो, गुडघ्यांवर, हात बांधलेला. त्याचे काय करायचे ते सीझर कुरियरवर सोपवतो. पहिल्या दृश्याची ही नेमकी उलट मांडणी आहे. आणि या छावणीत शिरताना आपली शस्त्रे प्रवेशद्वारीच काढून घेतलेली असतात. क्रूसावर चढवणे, रिंगणात झुंजवणे, तेथेच संपवणे, गुपचूप सोडवणे, असे पर्याय समोर येतात, आणि निवड करताना हातात एकही नावाजलेले पिस्तूल नसते. ‘कुरियरने’ या शब्दाला लागलेला प्रत्यय आता दुसऱ्या कोणाकडे सरकवता येत नाही. बहुसंख्य खेळणारे बेनीला टॉप्समध्येच संपवून ‘मारिया’ घेऊन जात असावेत, असा माझ्या वर्गातल्या मुलांवरून तर्क आहे. त्यांच्या वाट्याला हे दृश्य येतच नाही.