‘स्मृतिचित्रे’ आणि आत्मत्यागाचा हिशेब

प्रायश्चित्तकाळातील प्रवचनासाठी दाखला शोधणाऱ्या मराठी धर्मगुरूचा हात सहजच नारायण वामन टिळकांच्या चरित्राकडे जातो. आमचाही गेला होता. बेळगाव जिल्ह्यातील एका लहान धर्मग्रामात आम्ही टिळकांच्या औदार्याचे वर्णन मोठ्या उत्साहाने केले. हाती आलेला पैसा हाती कसा ठरत नसे, घरात उद्याची भ्रांत असतानाही दारी आलेल्या माणसाला ते कसे विन्मुख पाठवीत नसत, हे सारे सांगितले. मिस्सा संपल्यावर तेथील धर्मशिक्षकाच्या पत्नी भेटावयास आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “फादर, त्या दिवशी त्यांच्या घरी चूल कशी पेटली, ते सांगायचं राहिलं तुमचं.” या एका वाक्याने आम्हास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावयास लावली; आणि या खेपेस ती विनोदासाठी वाचली नाहीत.

१९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत मानाच्या जागी बसला आहे. त्यातील भाषेचा साधेपणा, स्वतःवर हसण्याची लेखिकेची वृत्ती, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी यांविषयी टीकाकारांनी भरभरून लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या वर्गांतून मात्र त्याचा उपयोग टिळकांच्या चरित्राची खाण म्हणूनच होत आला. त्यात आत्मत्यागाविषयी एक गंभीर विचार दडला आहे, आणि तो आपल्या रूढ प्रवचनांना अडचणीचा आहे, असे आमचे मत आहे.

ग्रंथाच्या आरंभीच लेखिकेच्या माहेरचे चित्र येते. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात चालत नसे. व्रत एका माणसाचे, पण त्यापायी राबणे आणि धाक सोसणे घरातील बायकामुलांच्या वाट्याला. पुढे सासरी चित्र पालटते. पती कवी, उदार, देवाच्या शोधात निघालेले. ते न सांगता घर सोडून जातात. बाजारहाटाला पाठवावे तर पैसे संपवून भलतेच काही घेऊन परततात. वाटेत भेटलेल्या निराधाराला घरी घेऊन येतात. सोवळे आणि औदार्य यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि स्वयंपाकघरात बसून पाहिले असता दोहोंत एक साम्य दिसते. संकल्प एकाचा आणि किंमत दुसऱ्याची. लक्ष्मीबाई हे कोठेही सूत्ररूपाने सांगत नाहीत. त्या फक्त घरात काय उरले होते आणि त्यावर कसे भागवले, ते हसत हसत सांगतात. हिशेब वाचकाने मांडावयाचा आहे.

तो मांडताना शुभवर्तमानातील मूळ शब्दाकडे पाहिले पाहिजे. मार्क ८:३४ मध्ये प्रभू ‘स्वतःचा’ नकार मागतो. तेथील ग्रीक क्रियापद ‘अपार्नेओमाइ’ पुढे चौदाव्या अध्यायात पेत्राच्या नाकारण्यासाठी पुन्हा येते. त्या माणसाला मी ओळखत नाही, असे पेत्र ज्या ठामपणाने प्रभूविषयी म्हणाला, त्याच ठामपणाने शिष्याने आपल्या ‘मी’विषयी बोलावे, असा याचा अर्थ होतो. येथे कर्ता आणि कर्म एकच आहे. जे माझे एकट्याचे नाही, त्याचा त्याग मी एकट्याने करू शकत नाही. घरातील धान्य जितके पतीचे तितकेच पत्नीचे व लेकरांचे. ते परस्पर उचलून देणे हे दान असू शकेल. त्याला आत्मत्याग म्हणता येत नाही. सातव्या अध्यायातील ‘कुर्बान’चा वाद नेमका हाच आहे. आईबापांच्या पोषणाचे द्रव्य देवाला वाहिले असे म्हणून मोकळ्या होणाऱ्या पुत्राला प्रभूने भक्त म्हटले नाही. देवाची आज्ञा यामुळे रद्द होते, असे त्याने सांगितले.

येथे एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. दानशूराने प्रत्येक वेळी घरच्यांची संमती मागावी म्हटले तर दान होणारच नाही. आणि सारफथच्या विधवेजवळ एलियाने तिच्या लेकराच्या तोंडचीच भाकर आधी मागितली नव्हती काय? मागितली होती. परंतु मागणारा संदेष्टा त्याच घराच्या माडीवर राहिला आणि त्याच मडक्यातील पिठाचे जेवला. शिवाय निर्णय त्या बाईचा होता. तिच्या नकळत कोणी पीठ नेले नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवाही आपलेच सर्वस्व टाकते.

याचा अर्थ टिळकांचे मोठेपण खोटे असा कोणी करू नये. त्यांचे ज्यासाठी कौतुक होते त्याहून त्यांचे खरे आत्मनाकारण निराळ्या ठिकाणी आहे, असे आम्हास वाटते. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या, आणि ती वर्षे किती जड गेली हे त्यांनी लपविलेले नाही. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही आपला धर्म व आपले सोवळे घेऊनच परतल्या. ख्रिस्ती माणसाच्या घरात वेगळी चूल! मिशनमधील लोक काय म्हणत असतील याची कल्पना करावी. टिळकांसारखा तापट, उतावळा पुरुष येथे थांबला. पत्नीवर आपली श्रद्धा लादण्याचा हक्क त्या काळच्या पतीला समाजाने खुशाल दिला असता. तो हक्क त्यांनी वापरला नाही. या प्रतीक्षेत जे खर्ची पडले ते त्यांचे स्वतःचे होते. आमच्या प्रवचनांत ही प्रतीक्षा येत नाही, कारण तिच्यात दाखवण्याजोगे नाट्य नाही.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्या कष्टांना सरसकट त्याग म्हणणे हीही एक लबाडीच आहे. जे लादले गेले ते सोसणे वेगळे, स्वेच्छेने देणे वेगळे. पुष्कळ ठिकाणी त्या नुसत्या सोसतात, रागावतात, भांडतात. ग्रंथाचा प्रामाणिकपणा त्यातच आहे. परंतु राहुरीच्या मुक्कामात एक वळण येते. मनुष्यामनुष्यांतील जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगते, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खाईन असे त्या ठरवतात. वडिलांच्या घरी जन्मापासून अंगात मुरलेले सोवळे, ज्याच्यावर त्यांची सारी ओळख उभी होती, ते त्या खाली ठेवतात. येथे कोणी मागितले नव्हते, कोणी हिरावलेही नव्हते. या ‘मी’ला मी ओळखत नाही, हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, पण केले ते हेच. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या दृष्टीने त्यांचे शिष्यत्व त्याआधी, त्या निश्चयापासून सुरू होते. दुष्काळातील पोरकी मुले घरी आली तेव्हा त्यांना जेवू घालणारे हात पूर्वीचेच होते. मात्र आता ते काम त्यांचे स्वतःचे झाले होते. लूकने (९:२३) वधस्तंभ उचलण्याच्या आज्ञेत ‘दररोज’ हा शब्द घातला आहे. चुलीपुढे बसणाऱ्याला तो अधिक नीट कळत असावा.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला व संन्यस्त वृत्ती स्वीकारली. या पर्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. संन्याशाचा संसार कोणी चालवला, हे मात्र ‘स्मृतिचित्रां’तूनच वाचावे. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. विवाहाच्या वेळी जिला अक्षरओळखही नव्हती, तिने पुढे ते काव्य पुरे केले.

आम्हा धर्मगुरूंना हा ग्रंथ अधिकच बोचतो. आम्ही अविवाहित, आमच्या त्यागाने कोणाची चूल विझत नाही, असे आम्ही समजून चालतो. पण मध्यरात्री आजाऱ्याकडे जाताना आम्ही ज्या धर्मशिक्षकाला उठवतो, त्याच्या घरात त्या रात्री काय घडते, ते आम्ही विचारलेले नसते. त्याच्या तुटपुंज्या मानधनाला ‘सेवाभाव’ म्हणणारेही आम्हीच. ते मानधन ठरविणाऱ्या बैठकीत त्याची पत्नी नसते.

यंदा धर्मशिक्षकांच्या अभ्यासवर्गात राहुरीचा भाग वाचावयास घेतला आहे. पहिल्या बैठकीस सर्वांनी सपत्नीक यावे, असे कळविले आहे. मुलांच्या जेवणाची व्यवस्था त्या दिवशी आमच्याकडे राहील.